अंगातली धग

घरात सून येऊन चार वर्षे झाली. पाळणा हलत नाही. सासू नवस बोलते. शेजारणी कुजबुजतात. सून म्हणते, "आत्याबाई, मला फार थंडी वाजते. अंग जड पडतं." आत्याबाई म्हणतात, "कामाची टाळाटाळ आहे, दुसरं काय!"

मंडळी, आम्ही म्हणतो, जरा थांबा. ही टाळाटाळ नसेल. दुखणे असेल.

आपले शरीर म्हणजे पेटती चूल. अन्न हे तिचे सरपण. सरपण जळते, म्हणून अंगात धग राहते. ही चूल किती पेटवायची हे गळ्यातली एक लहान ग्रंथी ठरवते. तिचे नाव थायरॉइड. आकार फुलपाखरासारखा. ती एक रस रक्तात सोडते. रस कमी पडला की चूल मंदावते. थंडी सोसत नाही. थकवा येतो. वजन वाढते. पाळी पुढेमागे होते, नाहीतर फार जाते.

बाईच्या पोटात साधारण दर महिन्याला एक बीज पिकून सुटते. ते सुटले की अंगाची उष्णता थोडी चढते, अर्धा अंश फॅरनहाइटच्या आसपास. रस कमी असला तर कधी कधी बीज सुटतच नाही. मग दिवस कसे जाणार? गेले, तरी गर्भ पडण्याचा धोका वाढतो.

पण अंग गार लागले म्हणजे थायरॉइडच बिघडला, असे समजू नये. थर्मामीटरला ते कळत नाही. रक्ताची तपासणी करावी लागते. तिला टीएसएच म्हणतात. रस कमी निघाला तर डॉक्टर रोज घ्यायची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी. दिवस गेले की लगेच डॉक्टरांना सांगावे. तेव्हा गोळी बहुधा वाढवावी लागते. बाळाच्या मेंदूलाही हा रस हवा असतो. म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये.

हा रस बनायला आयोडीन लागते. कांगडा खोरे आज हिमाचल प्रदेशात आहे. तिथे पुष्कळांना गलगंड होता. १९५६ साली डॉक्टर रामलिंगस्वामी यांनी तेथील काही भागांत आयोडीनचे मीठ देऊन पाहिले. त्या भागांत गलगंड कमी झाला. १९६२ साली सरकारने देशात हे काम हाती घेतले. तेव्हा मीठ आयोडीनचेच घ्यावे आणि झाकून ठेवावे. मात्र जडलेले दुखणे नुसत्या मिठाने जात नाही. त्याला औषधच हवे.

आणखी एक. मूल न होण्याची कारणे अनेक आहेत. दोष पुष्कळदा पुरुषात असतो. म्हणून नवरा-बायको दोघांनी दवाखान्यात जावे. सुनेला वांझ म्हणून कोणाचे भले झाले आहे?

आता सांगा पाहू :
१. थायरॉइड ग्रंथी कोठे असते?
२. तिचा रस कमी पडला तर काय होते?
३. तपासणीला कोणी कोणी जावे?