घुंगरू बांधून भागेल का?

प्रश्न : जुन्नरजवळ मळ्यात राहतो. आमची मांजर बागेतले बुलबुल, शिंपी धरते. गळ्यात घुंगरू बांधावे का?

उत्तर : घुंगरावर विसंबू नका. इंग्लंडमध्ये 355 मांजरांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घुंगराने ठळक फरक पडला नाही. उलट मांसाचा भरपूर अंश असलेल्या खाण्याने घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने 25 टक्क्यांनी घटली. तेव्हा नुसत्या दूध-भाकरीवर ठेवलेल्या मांजरीला दोष देण्याआधी तिचे ताट बघा. ‘मग उंदीर कोण धरणार?’ हा आक्षेप रास्त आहे, पण घरातले आणि कोठीतले उंदीर ती दार लावूनही धरेल. म्हणून तिन्हीसांजेपासून उन्हे वर येईपर्यंत तिला आत ठेवा. कोंडणे क्रूर वाटत असेल, तर बाहेरचा धोकाही लक्षात घ्या : शेजारच्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात (2014) त्यांच्या आहारात कुत्र्यांखालोखाल पाळीव मांजरे निघाली, वजनाने सुमारे 12 टक्के. जुन्नर-आंबेगावच्या उसातला बिबट्या काही वेगळा नाही. बुलबुल मात्र दिवसाही सापडतो, कारण त्याचे घरटे हाताला लागेल इतक्या उंचीच्या झुडपात असते. पिल्ले नीट उडू लागेपर्यंत मांजर दिवसाही आतच बरी. पाण्याचे भांडे झुडपापासून दूर, मोकळ्यावर ठेवा.