नकाशावरून जमिनीचा उतार कसा ओळखावा

गावाच्या नकाशात गटांच्या हद्दी, रस्ते व ओढे असतात. जमिनीचा चढउतार त्यावरून कळत नाही. पाणलोटाच्या कामासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा पाहावा. त्यावरील २ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील १ किलोमीटर होय.

या नकाशावरील तपकिरी रेषा समान उंचीची ठिकाणे जोडतात. त्यांस समोच्च रेषा म्हणतात. लगतच्या दोन रेषांत बहुधा २० मीटर उंचीचा फरक असतो. तरी नकाशाच्या तळाशी दिलेला आकडा आधी वाचावा. अशा दोन रेषा नकाशावर २ सेंटिमीटर अंतराने असल्यास १,००० मीटरांत २० मीटर, म्हणजे शेकडा २ उतार झाला. अंतर अर्धाच सेंटिमीटर भरल्यास उतार शेकडा ८ होतो, आणि तेथील माती वाहून जाण्याचा धोका पुष्कळ वाढतो.

नवशिक्याची चूक होते ती वळणावर. रेषेचे टोक चढाकडे वळले असेल तर तेथे ओढा वा घळ समजावी. उताराकडे वळले असेल तर डोंगराची सोंड. हे उलट धरले, तर नालाबांधाची जागा कोरड्या सोंडेवर पडते!

मात्र समपातळी बांधाची आखणी या नकाशावरून करू नये. दोन रेषांमधील लहान खोलगट भाग त्यात दिसतच नाहीत. अशा जागी बांधाचा माथा खाली राहिला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो फुटतो. यासाठी डंपी लेव्हलने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने शेतातच पातळी घ्यावी.