नोकरीची शाश्वती आणि कंपनीची शाश्वतता

प्रश्न : चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआरचं काम पाहतो. मुख्य कार्यालयाने ‘२०४० पर्यंत नेट झिरो’ असं उद्दिष्ट जाहीर केलंय. आम्हाला इंग्रजी पोस्टर आली, ती कॅन्टीनमध्ये लावली. एक सादरीकरणही झालं. लोक शांतपणे बसले आणि चहा घेऊन गेले. सहाशे माणसांत निम्मी कंत्राटी आहेत. या सगळ्यांना शाश्वततेची उद्दिष्टं सांगायची कशी? आणि मशीन चालवणाऱ्या माणसाला ती सांगणं खरंच गरजेचं आहे का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : लोक शांत बसले म्हणजे त्यांना काहीच वाटलं नाही, असं समजू नका. ‘शाश्वतता’ हा शब्द अहवालांतून आपल्याकडे आला. कारखान्यात मात्र त्याचं सख्खं भावंड आधीपासून राहतंय. ‘नोकरीची काही शाश्वती नाही’ हे वाक्य तुमच्या कॅन्टीनमध्ये रोज कुणी ना कुणी बोलत असेल. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या मुलासमोर कंपनीच्या २०४० सालच्या शाश्वततेची पाटी लावली, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो स्वतःच्या शाश्वतीचा. चाकण-तळेगाव पट्ट्यात तर तो येणारच. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नसतो, इंजिन व्हॉल्व्ह नसतो, सायलेन्सर नसतो. हे भाग बनवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या कानांना ‘नेट झिरो’मधला झिरोच आधी ऐकू येतो.

म्हणून पहिल्या सभेत पृथ्वीचं तापमान मागे ठेवा. आपली कोणती लाइन चालू राहणार, कोणत्या भागांची मागणी घटणार, नवं काम शिकवायची काय सोय आहे, हे व्यवस्थापनाला जेवढं ठाऊक आहे तेवढं स्पष्ट सांगा. जे ठरलेलं नाही ते ‘अजून ठरलेलं नाही’ असंच सांगा. एवढं झाल्याशिवाय पुढचं काहीही कुणी मनापासून ऐकणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नियमाचं उत्तर छोटं आहे. बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने ‘बीआरएसआर’ हा व्यावसायिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. जबाबदार व्यवसायाच्या तत्त्वांबद्दल किती टक्के लोकांना प्रशिक्षण दिलं, हे त्यात विचारतात, आणि कर्मचारी व कामगार यांचे आकडे वेगळे द्यावे लागतात. तुमची कंपनी त्या यादीत नसली तरी ज्यांना तुम्ही माल देता त्या मोठ्या कंपन्या वीज-पाण्याचे आकडे मागू लागल्या असतील. पण निव्वळ रकाना भरायला घेतलेलं प्रशिक्षण समोरच्याला लगेच कळतं. खरं उत्तर शॉप फ्लोअरवर आहे, आणि ते मी जरा सविस्तर सांगतो.

कॉम्प्रेसरची हवा घ्या. जेवणाच्या सुट्टीत मशीनं थांबली की पाइपलाइनजवळ उभे राहा. कुठून तरी ‘सुस्स’ आवाज येतोच. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल, तर ती हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सुमारे ३ किलोवॉट वीज खातो. कारखाना चोवीस तास, वर्षाचे ३०० दिवस चालतो असं धरा : २१,६०० युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर एक लाख चौऱ्याण्णव हजार रुपये. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका भोकातून वर्षाला पंधरा टन. ते भोक नेमकं कुठे आहे हे मुख्य कार्यालयाला कधीच कळणार नाही. त्या मशीनवर आठ तास उभ्या असलेल्या माणसाला ते कळलेलं असतं, बहुधा कितीतरी महिन्यांपासून. उद्दिष्ट त्याला सांगायचं ते यासाठी.

याचं एक उदाहरण म्हणजे अमेरिकेतली, रे अँडरसन यांनी स्थापन केलेली इंटरफेस ही गालिच्यांची कंपनी. पर्यावरणाबद्दल कंपनीची भूमिका काय, हे आपल्याच माणसांसमोर मांडायची वेळ १९९४ मध्ये अँडरसन यांच्यावर आली आणि सांगण्यासारखं आपल्यापाशी काही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी त्यांनी कामगारांच्या सूचनांवर चालणारी मोहीम सुरू केली. मला मोलाची वाटते ती त्यांची ‘वाया’ या शब्दाची व्याख्या. ग्राहकाच्या उपयोगी न पडणारा प्रत्येक खर्च त्यांनी वाया धरला. उरलेलं कापड तर त्यात आलंच, पण चुकीच्या पत्त्यावर गेलेला माल आणि चुकलेलं बिलसुद्धा आलं. अशी व्याख्या केली की गोदामातला माणूस आणि बिलं करणारी बाई, दोघांच्याही हाताला काम मिळतं.

तुमच्याकडेही उद्दिष्टाचे असेच वाटे करा. ‘स्कोप एक, दोन, तीन’ हे उत्सर्जनाच्या गटांचे शब्द अहवालात राहू द्यात. लोकांना सांगा : आपल्या आवारात जे जळतं ते पहिलं, जनरेटरचं डिझेल आणि भट्टीचा गॅस. वीजबिल हे दुसरं. बाहेरून येणारं पोलाद, ॲल्युमिनियम, मालाचे ट्रक, तुमची-आमची ये-जा हे तिसरं. आणि सुट्या भागांच्या धंद्यात बहुतेकदा हे तिसरंच सगळ्यांत मोठं असतं, हेही लपवू नका. पोलाद कुणाकडून घ्यायचं हे ऑपरेटर ठरवत नाही. ते खरेदी विभागाचं काम आहे आणि तिथे कंपनी काय करते आहे, हे ऑपरेटरला कळलं पाहिजे. सगळा भार ‘पंखे बंद करा’ या सूचनेवर टाकला आणि वर केबिनमधला एसी अठरावर ठेवला, तर पोस्टर कितीही सुंदर असो, माणसं दुखावतात. तो राग मला रास्त वाटतो.

सांगायची जागाही नवी शोधायला नको. पाळी सुरू होताना सुपरवायझर पाच मिनिटं सुरक्षेबद्दल बोलतो, तिथेच एक आकडा जोडा : काल आपल्या लाइनला एका नगामागे किती वीज लागली. कंपनीभराचा टनांचा आकडा तिथे काही उपयोगाचा नाही. खडूने फळ्यावर लिहिलेला, दुसऱ्या दिवशी बदललेला आकडाच लोक वाचतात. भाषा मराठी, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांसाठी हिंदी. कारखान्याच्या गोष्टी साध्या मराठीत सांगता येतात हे आपल्याकडे जुनं आहे. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीला ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती कारखान्याची खबर द्यायलाच, आणि त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं.

सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे परतीचा निरोप. कुणी गळती दाखवली, कुलंट वाया जातंय म्हणून सांगितलं, तर त्याचं पुढे काय झालं हे त्याला आठवड्याच्या आत कळलं पाहिजे. दुरुस्ती झाली नसेल तर का नाही, हेसुद्धा. सूचनापेटीत टाकलेली चिठ्ठी वर्षभर तशीच पडली, की पुढची चिठ्ठी कुणी लिहीत नाही. सूचनेसाठी बक्षीस ठेवणार असाल तर ते कंत्राटी मुलालाही तेवढंच द्या, आणि ठेकेदाराच्या हाती न देता थेट त्याच्या हाती द्या.

पोस्टर काढलीत तरी चालेल. त्याऐवजी एक रात्र काढा. तिसऱ्या पाळीला कंपनीचं काहीही सांगायला सहसा कुणी येत नाही. साहेब दिवसा बोलतात आणि रात्रीपर्यंत फक्त नोटीस पोहोचते. मेंटेनन्सच्या माणसाला बरोबर घेऊन अडीच वाजता फ्लोअरवर जा. मशीनं कमी चालू असतात, गळतीचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. ऑपरेटरला विचारा, कुठे कुठे आहे. तो हात धरून दाखवेल.