आजचा पाठ : सांधा पक्का, रूप मोकळं

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥

मंडळी, परवा महाराणा प्रताप नगरात एका गुरुबंधूंकडे सत्संगाला जमलो होतो. आतल्या खोलीत मुलांचं भांडण पेटलं. थोरल्याने पुस्तिकेत बघून लेगोची गाडी केली होती. धाकटीने ती मोडून किल्ला बांधला. बाबा चिडले, "आता फेव्हिकॉलने चिकटवूनच टाकतो!"

चूक कोणाची? आम्ही विचार केला.

लेगो म्हणजे डॅनिश भाषेत 'छान खेळ'. हे खेळणं सुरू करणारे ओले कर्क क्रिस्टियानसेन सुतार होते. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात नीट बसतो, कारण सांधा बदललेला नाही. आणि आठ खुंट्यांचे, एका रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात! चिकटवले की उरतो एकच प्रकार.

साधनेचंही असंच. गुरूंनी दिलेलं नाम हा सांधा. तो बदलायचा नाही. पण आजी माळेवर जपेल, सूनबाई पोळ्या लाटताना जपेल. तिथे फेव्हिकॉल नको.

मात्र धाकटीनेही दादाला विचारायला हवं होतं. दुसऱ्याची मेहनत न विचारता मोडणं ही निर्मिती नव्हे.

*या आठवड्याचा नेम :* मुलांना आधी एकदा पुस्तिकेप्रमाणे करू द्या, फोटो काढा, पुस्तिका जपून ठेवा. मग मनासारखं बदलू द्या. आणि घरात आपण कुठे फेव्हिकॉल लावलाय, तेही बघा.

॥ शुभं भवतु ॥ 🙏