असन्निधानाचे दुःख आणि स्मरणाचा धर्म

॥ सर्वज्ञ श्रीचक्रधराय नमः ॥

मृत्यू आणि वियोग हे वाङ्मयाचे अतिप्राचीन विषय होत. संस्कृत कवींनी त्यांना करुण रसाचे अधिष्ठान दिले. रघुवंशाच्या आठव्या सर्गात इंदुमतीच्या निधनानंतरचा अजविलाप आहे, कुमारसंभवात मदनदहनानंतरचा रतिविलाप आहे, आणि महाभारतात तर रणांगणी पडलेल्या वीरांकरिता शोक करणाऱ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र स्त्रीपर्वच योजिले आहे. ही रीत महानुभाव पंथाच्या पहिल्या पिढीतील ग्रंथकारांना ठाऊक नव्हती असे कोणी म्हणणार नाही. केशिराजबास, पंडित दामोदर, म्हाइंभट हे संस्कृत विद्येत मुरलेले पुरुष होते. मनात आणते तर त्यांनाही विलापकाव्ये रचता आली असती. परंतु त्यांच्यावर जेव्हा आयुष्यातील सर्वांत मोठा वियोग कोसळला तेव्हा त्यातून विलाप निर्माण झाला नाही. लीळा निर्माण झाल्या. असे का झाले, आणि त्यातून साधकाला स्वतःच्या दुःखासंबंधी कोणता बोध मिळतो, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. हानी कशाची?

प्रथम तत्त्वाचा विचार केला पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, असे ब्रह्मविद्येचे निरूपण आहे. देह हे प्रपंचाचे कार्य. ते होते आणि जाते. जीव मात्र कर्मफळाप्रमाणे स्वर्ग, नरक, कर्मभूमी यांतून फिरत राहतो, आणि मोक्षाची वाट त्याला केवळ परमेश्वराच्या कृपेने सापडते. या दृष्टीने पाहता देहपात ही जीवाची खरी हानी नव्हे. असे देहपात त्याने अनंत वेळा अनुभविले आहेत. खरी हानी एकच: ज्याच्या सन्निधानात उद्धार होतो, त्या परमेश्वर अवताराचे सन्निधान सुटणे. म्हणूनच पंथाच्या परिभाषेत सन्निधान आणि असन्निधान या दोन शब्दांना जे वजन आहे ते जन्म आणि मरण या शब्दांनाही नाही. आचारधर्माचे मुख्य निरूपण झाले तेही असन्निधानी जीवाने कसे वागावे यासाठीच.

२. श्मशानापासून आरंभ

लीळाचरित्राच्या एकांकात सर्वज्ञांच्या चरित्राचा आरंभ एका मृत्यूपासून होतो, ही गोष्ट पाठकांच्या नजरेतून सहसा निसटते. भडोचच्या प्रधान विशाळदेवाचा पुत्र हरिपाळदेव निवर्तला. त्याला श्मशानात नेण्यात आले. इकडे द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळांनी देह त्यागिला होता. त्यांनी हरिपाळाच्या पतित देहाचा स्वीकार केला आणि तो देह उठून बसला. शोकाकुल घरी आनंद झाला.

परंतु पुढे काय घडले तेही पाहावे. परत आलेला पुत्र त्या घराचा राहिला नाही. द्यूताचे निमित्त झाले, मन उदासीन झाले, आणि रामटेकच्या यात्रेचा विषय निघाला. विशाळदेवाने आधी नकार दिला, नंतर नाइलाजाने संमती दिली आणि सोबत परिवार दिला. त्या परिवाराला टप्प्याटप्प्याने मागे पाठवून श्रीमूर्ती एकटीच पुढे निघाली. विशाळदेवाला एकच पुत्र दोन वेळा गमवावा लागला. पहिल्या वेळी चिता होती, आप्तेष्ट होते, रडण्याची सोय होती. दुसऱ्या वेळी काहीच नव्हते. रस्ता तेवढा होता.

लीळाकार या पित्याच्या दुःखाचे वर्णन करीत बसत नाहीत. घटना सांगतात आणि पुढे जातात. मात्र घटनांच्या क्रमानेच वाचकाला एक गोष्ट कळते. संबंधाचे दुःख हे मृत्यू टळल्यानेही टळत नाही. ज्याला आपले म्हटले ते मरणाने जाते किंवा जिवंतपणी जाते, पण जाते. संबंधियांच्या संबंधाविषयी सूत्रांत जी कठोरता दिसते तिचे मर्म या एका लीळेत सापडते.

३. शोक करू नये असे कोणाला सांगितले?

येथे एक शंका नेहमी उपस्थित होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला स्पष्ट सांगितले की गेलेल्यांसाठी आणि असलेल्यांसाठी ज्ञाते शोक करीत नाहीत. मग ज्ञान झालेल्या अनुसरलेल्याने गुरूच्या वा सहाध्यायाच्या वियोगी अश्रू ढाळावे काय? अनेक आश्रमांत नवदीक्षिताला या वचनाच्या आधारे गप्प केले जाते, आणि तो बिचारा आपल्या दुःखाला आपल्या अज्ञानाची खूण समजून मनातल्या मनात कुढत राहतो.

या शंकेचे उत्तर त्याच अर्जुनाच्या पुढील चरित्रात आहे. भागवताच्या प्रथम स्कंधात, चौदाव्या व पंधराव्या अध्यायांत, अर्जुन द्वारकेहून हस्तिनापुरास परततो तो निस्तेज होऊन. युधिष्ठिर त्याला नाना प्रश्न विचारतो: काय झाले, कोणी अपमान केला काय, दिलेले वचन मोडले काय? अर्जुनाला प्रथम बोलताच येत नाही. मग तो अश्रू पुसून सांगू लागतो: श्रीकृष्णांनी कोठे कसे रक्षण केले, कोणत्या सभेत लाज राखली, कोणत्या युद्धात रथ हाकला. ज्या गांडीवाने महारथी जिंकले तेच हाती असता साध्या गोपांनी वाटेत आपला पराभव केला, हेही तो लपवीत नाही. शेवटी रणभूमीवर ऐकलेल्या उपदेशाचे त्याला स्मरण होते आणि त्याचे चित्त शांत होते.

हा प्रसंग नीट वाचला म्हणजे दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली अशी की शोक करू नये हा उपदेश अर्जुनाने सन्निधानी ऐकला. तेव्हा वक्ता स्वतः रथावर होता आणि शोक होता तो स्वजनांचा. परमेश्वराचेच असन्निधान झाले तेव्हा तोच अर्जुन रडला, आणि भागवतकारांनी त्याला त्याबद्दल दोष दिलेला नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्याचे दुःख शमले ते शोक दाबल्याने नव्हे, तर लीला सांगितल्याने. आणि लीला सांगितल्या गेल्या त्या कोणीतरी विचारले म्हणून.

तृतीय स्कंधात उद्धवाचेही असेच आहे. विदुर त्याला श्रीकृष्णांची वार्ता विचारतो. उद्धव काही काळ निःशब्द होतो, त्याचे डोळे भरून येतात, आणि मग सावकाश तो चरित्र सांगू लागतो. विदुर विचारता ना, तर उद्धवाजवळचे धन उद्धवापाशीच राहते. एकादश स्कंधातील उद्धवाचा विषय पुढे भास्करभट्टांनी, म्हणजे कवीश्वरबासांनी, मराठीत आणला. ज्या पंथाचा स्वतःचा जन्मच असन्निधानात झाला त्या पंथाला उद्धव जवळचा वाटावा यात नवल नाही.

४. वाजेश्वरीतील प्रश्न

आता पंथाच्या इतिहासाकडे वळावे. इ. स. १२७२ ते १२७४ च्या सुमारास सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. त्यांच्या आज्ञेप्रमाणे श्रीनागदेवाचार्य आणि इतर भक्तजन ऋद्धिपूरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. एका सन्निधानाचे दुःख दुसऱ्या सन्निधानाने सावरले. परंतु सुमारे इ. स. १२८६ च्या आगेमागे श्रीप्रभूंनीही देह विसर्जिला, आणि भक्तपरिवार सर्वथा असन्निधानी झाला. आचार्यांना या वियोगाने झालेले दुःख स्मृतिस्थळाने झाकून ठेवलेले नाही. पंथाचा आधारस्तंभ दुःखाने व्याकूळ झाला होता, हे पंथाच्याच ग्रंथात नमूद व्हावे, ही गोष्ट पूर्वीच्या शंकेवरील दुसरे उत्तर समजावे.

या वियोगाच्या काळातच ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीच्या देवळातील तो प्रसंग घडला. आचार्य एकांतात स्मरण करीत बसत. म्हाइंभटांनी विचारले की आपण कशाचे स्मरण करता? आचार्यांनी सांगितले की सर्वज्ञांच्या लीळांचे. तेव्हा म्हाइंभटांनी विनविले की ज्यांनी श्रीमूर्ती पाहिलीच नाही त्या पुढील जनांसाठी या लीळा सांगाव्यात. आचार्य सांगत गेले, म्हाइंभट लिहीत गेले. पुढे ज्या ज्या भक्ताला ज्या लीळेचा अनुभव होता त्याच्याकडे म्हाइंभट गावोगाव हिंडून गेले. कधी काळी वाद करण्यासाठी आलेला हा विद्वान आता केवळ ऐकण्यासाठी पायपीट करीत होता. यातून मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ सिद्ध झाला. श्रीगोविंदप्रभूंच्या लीळाही याच रीतीने संकलित झाल्या. २०२४ साली ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. मराठी गद्याचे हे वैभव ज्या गावात उदयास आले त्याच गावी ते व्हावे, हे उचितच होय.

याच काळात, शके १२१८ मध्ये, आळंदीस श्रीज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे श्रीनामदेवांच्या नावावर असलेले अभंग महाराष्ट्राच्या कंठी आहेत. तेथे वियोगाचे दुःख गाऊन व्यक्त झाले, भावंडांचा आणि संतांचा शोक अभंगाच्या चालीवर वाहिला. त्या रीतीची थोरवी मान्य करूनही पंथाच्या रीतीचे वेगळेपण ओळखले पाहिजे. म्हाइंभटांनी शोक लिहिला नाही. ज्यांच्यासाठी शोक होता त्यांचे बसणे, उठणे, बोलणे, जेवणे, वाटेने जाणे, विनोद करणे लिहिले. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या भक्ताशी बोलणे झाले ते लिहिले. दुःखाचा प्रत्येक कण तपशील टिपण्यात खर्च झाला.

तपशिलाचा हा आग्रह किती प्रामाणिक होता याची खूण पोथ्यांतील वासना आणि शोध या नोंदींत आहे. एकच लीळा दोन भक्तांनी वेगळी सांगितली तर एकाचे सांगणे पुसून टाकले नाही, दोन्ही ठेवली. वियोगानंतर मनुष्य गेलेल्याला आपल्या सोयीचा करून घेतो, हा सर्वांचा अनुभव आहे. या नोंदींनी त्या मोहाला बांध घातला.

५. ग्रंथाचाही वियोग

मराठी राज्यावरही त्या काळी मोठी आपत्ती आली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली, १३०७ मध्ये मलिक काफूर आला, आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्य बुडाले. दरम्यान १३०२ च्या सुमारास श्रीनागदेवाचार्यही निवर्तले. याच धामधुमीत म्हाइंभटांनी लिहिलेली मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. म्हणजे मूर्तीचा वियोग झाला, मूर्तीचे स्मरण करणारा गेला, आणि ते स्मरण ज्यात साठविले होते तो ग्रंथही गेला.

तरीही लीळाचरित्र आज आहे. ते ज्यांनी वाचले, ऐकले, मुखोद्गत केले, त्यांच्या स्मरणातून पुन्हा लिहिले गेले. या पाठांपैकी एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. हिराइसा ही पंडित दामोदरांची पत्नी, स्वतः अनुसरलेली. संस्कृताऐवजी मराठीत लिहावे, नाहीतर म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, असे आचार्यांनी सांगितले होते. त्या आज्ञेचे फळ येथे दिसते. पोथी पंडितांपुरतीच संस्कृतात असती तर ती गेल्यावर ती पुन्हा उभी करणारे किती जण उरले असते, हा विचार करण्यासारखा आहे. मराठीत असल्यामुळे ती स्त्रीपुरुषांच्या मुखी राहिली, आणि मुखी होती म्हणून वाचली.

६. साधकाने घ्यावयाचा बोध

असन्निधानी जीवासाठी पंथाने नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण सांगितले. आणि स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक ही चार साधने सांगितली. ही चारही साधने म्हणजे वियोगानंतर जे उरते त्याची यादीच आहे. ज्या भूमीला श्रीचरण लागले ती भूमी, जी वस्तू श्रीकरांनी स्पर्शिली ती वस्तू, ज्यांनी त्या मार्गासाठी सर्व सोडले ते भिक्षुक, आणि जे प्रपंचात राहून त्या मार्गाची वासना धरतात ते वासनिक. स्थानपोथीत देवळाचे दार कोणीकडे, ओटा कोठे, हे इतक्या बारकाईने लिहिले आहे ते याच कारणाने.

दुःख येणे हा दोष नव्हे. दुःखाला वळण न देणे हा दोष. संबंधाचे दुःख आपल्या हानीभोवती फिरत राहते. माझा पुत्र गेला, माझा आधार गेला, यात बोलणाऱ्याचे लक्ष स्वतःवर असते. स्मरणाचे दुःख गेलेल्याकडे पाहते आणि त्याच्याद्वारे परमेश्वराकडे वळते. वासनिकाच्या घरी मृत्यू झाला असता पंथाच्या आचारात पिंडदान, श्राद्ध अशा देवताप्रधान विधींना स्थान नाही; नामस्मरण, लीळांचे पठण, भिक्षुकांना अन्नवस्त्र, स्थानवंदन यांना आहे. रडणाऱ्या मातेला ज्ञान सांगून गप्प करू नये. तिच्याजवळ बसावे, तिच्या लेकराबद्दल तिला विचारावे, आणि तिचे मन भरून आल्यावर तिला लीळा वाचून दाखवावी. युधिष्ठिर, विदुर आणि म्हाइंभट या तिघांनी हेच केले.

आश्रमांकरिता मात्र याहून एक जड कर्तव्य निघते. प्रत्येक मठात कोणी वृद्ध तपस्वी, कोणी वृद्ध तपस्विनी असते. जुन्या महंतांचे निरूपण कसे होते, अमुक स्थानावर ओटा बांधला जाण्यापूर्वी काय होते, कोणत्या पोथीचे पान कोणाच्या हातचे आहे, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या निक्षेपाला सर्व परिवार जमतो, दंडवत घालतो, अश्रू ढाळतो. परंतु ते असता त्यांच्याजवळ बसून विचारणारे किती? न विचारलेले स्मरण देहाबरोबर भूमीत जाते. मूळ पोथी गेली तेव्हा पाठ असलेले होते म्हणून ती परत आली. पाठही गेला तर परत आणण्यास काही उरत नाही.

म्हाइंभटांनी विचारले तेव्हा आचार्य शोकात होते. म्हाइंभटांनी ती वेळ अयोग्य मानली नाही. साधकानेही मानू नये. आज संध्याकाळच्या स्मरणानंतर वृद्धांच्या पायाशी बसावे आणि विचारावे.

इत्यलम्. दंडवत प्रणाम.