शेंड्याचा निरोप

शारजातल्या आमच्या घराच्या गॅलरीत एक तुळस आहे. मे महिन्याच्या सुटीत तिचे बी मी आजीच्या अंगणातून आणले होते. रोप चांगले हातभर वाढले. पण काठीसारखे सरळसोट. त्याला एकही फांदी नव्हती. तरी मला त्याचा फार अभिमान वाटे.

नवरात्रासाठी आजी आमच्याकडे आली. घटस्थापनेच्या सकाळी तिने तुळशीला पाणी घातले आणि तिचा शेंडा खुटकन खुडला.

“आजी, हे काय केलंस? आता ती मरेल!” मला रडूच कोसळले.

“वेडी कुठली! दसऱ्यापर्यंत वाट बघ,” आजी म्हणाली.

शाळेतून आले, की मी आधी गॅलरीत धावे. चार दिवस काहीच दिसले नाही. आजीशी मी धड बोललेही नाही. सहाव्या दिवशी शेंड्याखालच्या समोरासमोरच्या दोन पानांच्या बेचक्यांत दोन हिरवे ठिपके दिसले. दसऱ्याला तिथे दोन नाजूक फांद्या डोलत होत्या!

“बाबा, हे कसं झालं?” मी विचारले.

बाबा म्हणाले, “प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. शेंड्यात ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि डोळ्यांना जणू निरोप देतं, ‘तुम्ही अजून झोपा.’ शेंडा गेला, की निरोप थांबतो. मग सायटोकायनिन नावाचं दुसरं द्रव्य डोळ्यांना जागं करतं. अशा द्रव्यांना संप्रेरकं म्हणतात. हॉलंडमधले शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांच्या शेंड्यांतून असं द्रव्य वेगळं करून दाखवलं. १९२८ साली त्यांनी आपले प्रयोग जगापुढे मांडले.”

“आणि मी मात्र माझ्या आईकडून शिकले!” आजी हसून म्हणाली.

दुपारी बाबा आम्हांला वाळवंटात घेऊन गेले. चहूकडे तांबूस वाळू आणि मधे एक हिरवेगार झाड. आजी थबकली. “अगं बाई, ही तर शमी!” तिने हात जोडले.

इथे शमीला ‘गाफ’ म्हणतात. हा संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे. २०१९ हे वर्ष इथे ‘सहिष्णुता वर्ष’ म्हणून पाळले, तेव्हा गाफ हेच त्याचे बोधचिन्ह होते.

जवळच गाफची काही लहान झाडे होती. ती झुडपासारखी दाट दिसत होती. “उंट यांचे कोवळे शेंडे खातात,” बाबा म्हणाले.

“म्हणजे उंटही आजीसारखाच शेंडा खुडतो!” मी म्हणाले. सगळे हसले.

आजीने झाडाचे एकही पान तोडले नाही. खाली पडलेली एक डहाळी तिने माझ्या हातात दिली. तिच्यावर इवली इवली पाने दाटीने होती. “तुळशीचं पान अखंड आणि हे एवढं बारीक का?” मी विचारले.

बाबा म्हणाले, “पान अगदी लहान असताना त्याच्या कडेला काही ठिकाणी ऑक्झिन साठतं. तो भाग पुढे वाढतो, मधला मागे राहतो. म्हणून तुळशीच्या पानाला बारीक दाते येतात. कित्येक झाडांत अशा प्रत्येक ठिकाणी वेगळी पर्णिकाच फुटते. बारीक पर्णिका उन्हात लवकर तापत नाहीत. शिवाय पाणी कमी पडलं, की ॲबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक पानांची सूक्ष्म छिद्रं मिटवतं. त्यामुळे पाणी वाचतं.”

दिवाळीनंतर आजी गावी गेली. तोवर दोन्ही फांद्या वीतभर झाल्या होत्या. आता त्यांचे शेंडे कोण खुडणार? मी हात पुढे केला, मागे घेतला. मग डोळे मिटून दोन्ही शेंडे खुडले.

आज माझ्या तुळशीला चार फांद्या आहेत.

शब्दार्थ
बेचके – पान आणि खोड यांमधील कोपरा
संप्रेरक – सजीवांच्या वाढीचे नियमन करणारे द्रव्य

स्वाध्याय
१. मुलीला रडू का कोसळले?
२. शेंडा खुडल्यावर फांद्या का फुटतात?
३. गाफच्या बारीक पानांचा वाळवंटात काय उपयोग होतो?

उपक्रम : दोन कुंड्यांत तुळस लावा. एकीचाच शेंडा खुडा. पंधरा दिवस रोज पाहून फरक वहीत लिहा.