घर बाळाच्या एक टप्पा पुढे हवं

पोरी, बाळ पालथं पडलं की घरभर आनंद होतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्याच दिवशी ते बाळ पलंगावर दोन बाजूंना उशा लावून एकटं ठेवलं जातं. हे आधी बंद कर. काल पालथं पडलेलं मूल आज गडगडत कडेपर्यंत जातं. उशी त्याला अडवत नाही, उलट तिच्यात तोंड रुतलं तर श्वास कोंडतो. खाली सतरंजी अंथर, त्यावर गोधडी घाल आणि त्याला जमिनीवर सोड. तिथून ते कुठे पडणार?

माझ्या सासूबाईंनी मला एकच गोष्ट शिकवली आणि तीच मी सगळ्या लेकीसुनांना सांगत आले. घर बाळाच्या एक टप्पा पुढे असावं. पालथं पडलं की रांगण्याची तयारी करायची, रांगायला लागलं की उभं राहण्याची, धरून उभं राहिलं की चढण्याची. मूल सांगून सवरून काही शिकत नाही. काल हात पुरत नव्हता तिथे आज पुरतो, आणि ते आपल्याला गरम चहाचा कप ओढला गेल्यावर कळतं.

आता महिन्यांचं. शेजारणीचं बाळ नवव्या महिन्यात चाललं म्हणून तू झोप उडवून घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली तक्ते दिले. त्यांत हातगुडघ्यांवर रांगण्याची मुदत साधारण 5 ते साडेतेरा महिने आहे आणि आधाराशिवाय चालण्याची 8 ते साडेसतरा. शंभरातली चारेक मुलं तर तशी रांगतच नाहीत. कुणी बुडावर सरकतं, कुणी थेट उभं राहतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोज. मात्र नऊ महिने भरूनही बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, पहिल्या वर्षात सगळं एकाच हातानं करत असेल, किंवा येत होतं ते विसरायला लागलं असेल, तर थांबू नकोस. ‘आपल्याकडे सगळी उशिराच चालतात’ असं म्हणणारं वडीलधारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याला नमस्कार कर आणि बाळाला दाखवून ये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी मोफत होते, तिचाही उपयोग करून घे.

जावईबापूंना माझा एक निरोप दे. रविवारी सकाळी त्यांनी गुडघ्यांवर बसून सगळं घर रांगत फिरावं. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते त्या उंचीवरून दिसतं: सोफ्याखाली गेलेलं नाणं, भिंतीतला उघडा प्लग, चार्जरची लोंबती वायर, टेबलक्लॉथचं टोक, गॅसच्या शेगडीची नळी, कपाटाखालच्या डांबरगोळ्या. नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू पकडता येते. ही बुद्धीची मोठी पायरी आहे, आणि त्याच दिवसापासून जमिनीवरचा प्रत्येक कण थेट तोंडात जातो. शेंगदाणे, फुटाणे, मक्याचे दाणे, तुटलेल्या माळेचे मणी, हे सगळं घशात अडकणारं. सगळ्यात वाईट म्हणजे रिमोटमधला आणि वाजणाऱ्या खेळण्यांमधला चपटा गोल सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळला असा नुसता संशय आला तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि संक्रांत येतेच आहे. बोरन्हाण हौसेनं करा, बाळाला हलव्याचे दागिने घाला, सगळ्या मुलांना बोलवा. पण रांगत्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, शेंगा, उसाचे करवे आणि हलव्याचे टणक दाणे पडतात आणि मोठी मुलं ते लुटायला धावतात, तेव्हा खालचा एक दाणा बाळाच्या तोंडात गेलेला कुणाला कळतही नाही. म्हणून त्याच्या बोरन्हाणात चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्याव्यात, बोरं-शेंगा मोठ्या मुलांच्या हातात द्याव्यात, आणि चौरंगावरून उचलल्यावर जमीन झाडून घेतल्याशिवाय बाळाला खाली सोडू नये. चुरमुरासुद्धा तोंडात जाऊ द्यायचा नाही.

देवघर खाली असेल तर वर न्यावं. समई, निरांजन, काडेपेटी, उदबत्ती, कुंकवाचा करंडा यांतलं सगळं त्याला हवं असतं. देव वर गेले म्हणून रागावत नाहीत. विळी मिटून ओट्यावर ठेवायची. फिनेल आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही. घरातल्या बीपीच्या गोळ्या आणि तुझ्या बाळंतपणातल्या लोहाच्या गोळ्या कडीच्या कपाटात जाऊ देत. लोहाच्या गोळ्या दिसतात गोड, आणि लहान मुलाच्या जिवावर बेततात.

न्हाणीघराचं दार कायम बंद हवं आणि बादली रिकामी. आपल्याकडे नळाला पाणी ठरल्या वेळी येतं म्हणून बादल्या भरून ठेवायची सवय आहे, मला ती चांगली ठाऊक आहे. पण या वयात मुलाचं डोकं धडाच्या मानानं जड असतं. ते कडा धरून वाकलं की आत जातं आणि त्याला परत उठता येत नाही. वीतभर पाणीही त्याला पुरतं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. पाणी साठवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या पिंपात साठव.

पायात घुंगरांचे वाळे घालतात ते मला आवडतात, कारण बाळ कुठल्या खोलीत आहे ते हात कणकेत असतानाही कळतं. घुंगरू सैल झालंय का, ते दर आठवड्याला ओढून बघायचं. गळ्यात मात्र दोरा, साखळी, ताईत काही नको. आणि वाळ्यांचा आवाज बराच वेळ थांबला तर हातातलं टाकून ऊठ.

आता खोड्यांबद्दल. तू परवा फोनवर म्हणालीस, हा मुद्दाम चमचा खाली टाकतो, मी उचलून दिला की पुन्हा टाकतो. तो तुला छळत नाही गं. टाकलेली वस्तू खालीच जाते का, आवाज दर वेळी तसाच येतो का, आई दर वेळी वाकते का, हे तो तपासतो आहे. डबे उपसणं, कपाटातले कपडे ओढणं, पुस्तकाचं पान फाडणं, हे त्याचं शिक्षण आहे, आणि मला ते पवित्र वाटतं. स्वयंपाकघरात सगळ्यात खालचा एक कप्पा त्याच्या नावावर कर. स्टीलच्या वाट्या, लाकडी डाव, प्लॅस्टिकचे रिकामे डबे त्यात ठेव. तू पोळ्या लाटेपर्यंत तो वाजवत बसेल. ‘नाही’ हा शब्द आग, वीज, पाणी आणि उंची यांच्यासाठी राखून ठेव. दिवसभर येताजाता वापरलास तर खऱ्या वेळी तो ऐकणार नाही. बागुलबुवाची भीती तर मुळीच घालू नकोस. पडला तर आधी त्याच्याकडे शांतपणे बघ. तू किंचाळलीस की तो रडतो, ‘मुंगी मेली’ म्हणालीस की उठून पुढे जातो. पण डोक्यावर पडून गुंगला, उलट्या केल्या, नेहमीसारखा वागेना, तर लगेच डॉक्टर.

पाळण्याचा कठडा धरून रात्री उभा राहतो आणि मग रडतो, असं ज्या आया सांगतात त्यांची मुलं हट्टी नसतात. धरून उभं राहणं आधी येतं, उभ्यानं परत खाली बसणं नंतर. दिवसा गुडघे हलकेच वाकवून खाली बसायचं शिकव, चार-सहा दिवसांत जमतं. झोळी आणि टांगता पाळणा तर त्याच्या बराच आधी, मूल हातगुडघ्यांवर उठायला किंवा बसायला लागलं की, बंद करायचा. तसंच पलंगावरून उतरणं. त्याला पोटावर पालथं घाल, पाय कडेकडे वळव आणि ‘पाय आधी’ म्हणत उतरव. दर वेळी असंच उतरवलंस की त्याचा तोच वळून उतरायला लागतो. जिन्यालाही हीच रीत. मूल शिकलं म्हणून जिन्याचं दार उघडं ठेवायचं नाही.

चाकांच्या गोल कड्यात बसवायचा वॉकर कुणी आणला तर परत कर. त्यात बाळ झपाट्यानं जिन्यापर्यंत नाहीतर चुलीपर्यंत पोहोचतं, आणि त्यानं चालणं लवकर येत नाही. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं. धरून चालायला लागलं की सपाट जमिनीवर, कुणीतरी शेजारी असताना द्यायला हरकत नाही. घरात पायात बूट नकोत, अनवाणी पायाची बोटं जमीन पकडतात.

आमच्या काळची एक चाल मात्र सोडून दे. वर्षाच्या आत मध चाटवू नकोस, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

शेवटचं सांगते ते एका कागदावर लिहून फ्रीजवर लाव. घशात अडकून बाळाला रडता-खोकता येत नसेल तर डोकं खाली करून त्याला हातावर पालथं घ्यायचं, पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबायचं, वस्तू निघेपर्यंत आलटूनपालटून. बाळ बेशुद्ध झालं तर हृदय-श्वसन पुनरुज्जीवन (सीपीआर) सुरू करायचं, ते दोघंही शिकून घ्या. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं गार पाणी. हळद, टूथपेस्ट, तूप काही नाही. विषारी काही पोटात गेलं तर ओकारी काढायची नाही, बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जायचं. रुग्णवाहिकेचा नंबर 108. हा कागद आजोबांना, बाळाच्या बापाला आणि दुपारी सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही वाचून दाखव, आज संध्याकाळीच.